रॉय जोन्सची हनुवटी नेमकी कधी गेली? २००४ मधल्या दोन नॉकआउटचं प्रकरण

१५ मे २००४. लास वेगासमधल्या मँडले बेच्या रिंगमध्ये अमेरिकन बॉक्सर रॉय जोन्स ज्युनियर उतरला तेव्हा त्याच्या नावावर ४९ विजय आणि एकच पराभव होता. तो पराभवही नियमभंगाचा. १९९७ मध्ये माँटेल ग्रिफिन गुडघ्यावर टेकलेला असताना जोन्सनं त्याला मारलं आणि जोन्स बाद ठरला. त्याच वर्षी पुन्हा गाठ पडली तेव्हा त्यानं ग्रिफिनला पहिल्याच फेरीत आडवं केलं. पंधरा वर्षांच्या व्यावसायिक कारकिर्दीत त्याला कुणीही नॉकआउट केलं नव्हतं. १९९८ मध्ये लू डेल व्हालेनं त्याला पहिल्यांदा खाली पाडलं होतं, पण जोन्स उठला आणि ती लढत जिंकला.

त्या मे महिन्यातल्या रात्री दुसऱ्या फेरीत जोन्स हल्ला करायला पुढे सरसावला आणि त्याच क्षणी अँटोनियो टार्व्हरचा डावा ठोसा वरून वळून त्याच्या जबड्यावर बसला. जोन्स कोसळला, उठायला गेला, तोल गेला, कसाबसा पायांवर उभा राहिला. रेफ्री जे नॅडी यांनी लढत थांबवली. सव्वाचार महिन्यांनी, २५ सप्टेंबरला मेम्फिसमध्ये ग्लेन जॉन्सननं त्याला नवव्या फेरीत उजव्या ठोशानं पाडलं. या वेळी उठण्याचा प्रश्नच आला नाही. जोन्स कित्येक मिनिटं कॅनव्हासवर पडून होता.

२०१८ पर्यंतच्या कारकिर्दीत जोन्स नऊ लढती हरला. त्यातल्या पाच मार खाऊन वेळेआधी संपल्या, आणि त्या पाचही त्याची पस्तिशी झाल्यानंतरच्या. बॉक्सिंगच्या जगात याचं एक ठरलेलं स्पष्टीकरण आहे: टार्व्हरच्या त्या एका ठोशानं त्याची हनुवटी, म्हणजे ठोसा पचवण्याची ताकद, कायमची गेली. मला हे पटत नाही. ठोसा जबरदस्त होता यात वाद नाही. पण घटनांचा क्रम नीट लावला तर घसरण त्या ठोशाच्या आधीच सुरू झालेली दिसते. आणि एखाद्या बॉक्सरला कधी थांबवायचं हे ठरवायचं असेल, तर सगळ्यात महत्त्वाचा भाग हा ‘आधी’चाच आहे.

आधीचा जोन्स

जोन्स शास्त्रशुद्ध बचाव करणारा बॉक्सर कधीच नव्हता. हात खाली, हनुवटी उघडी, जॅब (पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा) जवळपास नाहीच, डावा हुक (बाजूनं वळून येणारा ठोसा) थेट उडी घेऊन. प्रशिक्षक शिकाऊ मुलांना जे जे करू नका म्हणून बजावतात ते सगळं तो करायचा आणि त्याला ते पचायचं. फेब्रुवारी २००२ मध्ये ग्लेन केलीसमोर तर त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले, केलीचा ठोसा येऊ दिला, डोकं बाजूला घेतलं आणि तिथूनच उजव्या हातानं त्याला खाली पाडलं. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.

लोकांना यात त्याची हनुवटी पोलादी वाटायची. खरं तर त्या हनुवटीची परीक्षाच फारशी झाली नव्हती. १९९३ मध्ये बर्नार्ड हॉपकिन्स, १९९४ मध्ये जेम्स टोनी, दोघेही अव्वल बॉक्सर. पण त्यांना जोन्सचं डोकं सापडलं नाही. त्याचं संरक्षण डोळे आणि पायांत होतं. गार्ड, म्हणजे बचावाचे हात, वर धरणाऱ्या बॉक्सरचा वेग थोडा कमी झाला तर ठोसा निदान हातमोज्यावर आदळतो. जोन्सकडे दुसरी फळी नव्हती. पहिली फळी चुकली की पुढे थेट जबडा.

२००३: दोन वजनं, एक वर्ष

१ मार्च २००३ ला जोन्सनं जॉन रुइझला हरवून डब्ल्यूबीए या जागतिक बॉक्सिंग संघटनेचा हेवीवेट, म्हणजे सगळ्यात वरच्या वजनगटाचा, किताब घेतला. मिडलवेटमध्ये विजेता राहिलेल्या बॉक्सरनं हेवीवेट किताब जिंकण्याची ही १८९७ मधल्या बॉब फिट्झसिमन्सनंतरची पहिलीच वेळ. वजनकाट्यावर जोन्स १९३ पौंड, म्हणजे साधारण साडेसत्याऐंशी किलो भरला. रुइझ २२६ पौंडांचा होता.

आठ महिन्यांनी, ८ नोव्हेंबरला, तो टार्व्हरसमोर पुन्हा १७५ पौंडांच्या गटात उभा होता. मुद्दाम कमावलेलं आठ किलो वजन उतरवून. पस्तिशीच्या उंबरठ्यावर असं वजन उतरवताना फक्त पाणी आणि चरबी जात नाही, स्नायूही जातो. त्या लढतीत तो पहिल्यांदाच थकलेला दिसला. दोऱ्यांना टेकून राहिला, टार्व्हरचे ठोसे खात राहिला, शेवटच्या फेऱ्यांत जीव तोडून लढला आणि बहुमताच्या निर्णयानं जिंकला. एका परीक्षकानं बरोबरी दिली होती.

या प्रकरणातली सगळ्यात बोलकी रात्र ही आहे. जोन्सला आजवर कुणी नॉकआउट केलेलं नाही, हनुवटी शाबूत आहे, आणि तरीही जे ठोसे पूर्वी हवेत जायचे ते आता लागतायत. पण निकालाच्या रकान्यात विजय लिहिला गेला. वैद्यकीय नियम पराभवानंतर, त्यातही नॉकआउटनंतर जागे होतात. जिंकलेल्या बॉक्सरला ‘तुला आज एवढे ठोसे का लागले’ असं विचारणारी यंत्रणाच नसते.

वजनाचा मुद्दा खरा आहे, जोन्सनं स्वतःही तो मांडला. म्हणूनच मे महिन्यातल्या लढतीआधी टार्व्हरनं रिंगच्या मधोमध, रेफ्रीच्या सूचना चालू असताना, आज काही सबब आहे का, असं त्याला तोंडावर विचारलं. पण मे २००४ पर्यंत जोन्स सहा महिने त्याच गटात होता. ताज्या वजनकपातीचं कारण तेव्हा तितकंसं लागू होत नाही, आणि सप्टेंबरमध्ये तर आणखी कमी. वजनानं हातभार लावला असेल. सगळा भार त्याच्यावर टाकता येत नाही.

नॉकआउट होतं तेव्हा डोक्यात काय होतं

हनुवटी कवटीच्या टोकाला, मानेच्या अक्षापासून लांब असते. तिथे बाजूनं किंवा खालून ठोसा बसला की डोकं नुसतं मागे जात नाही, गर्रकन फिरतं. १९४३ मध्ये ऑक्सफर्डच्या होलबर्न यांनी जिलेटिनच्या नमुन्यांवर दाखवून दिलं की मेंदूला इजा करण्यात सरळ धक्क्यापेक्षा या फिरण्याचा वाटा फार मोठा आहे. पाण्यानं भरलेली कळशी झटकन फिरवली तर भांडं फिरतं आणि पाणी मागे राहतं, तसाच मऊ मेंदू कवटीच्या मागे पडतो. आत ताण आणि पीळ बसतो. लांबलचक चेतातंतू ताणले जातात. मेंदूच्या बुंध्यापासून वर जाणारी जी जाळी आपल्याला जागं ठेवते तिचं काम क्षणभर विस्कटलं की बॉक्सर शुद्ध हरपतो. पडताना त्याचे हात पुढे येत नाहीत ते यामुळेच.

पुढची गोष्ट डोळ्यांना दिसत नाही आणि साध्या स्कॅनमध्ये सहसा सापडत नाही. ताणलेल्या पेशींतून पोटॅशियम बाहेर पडतं, कॅल्शियम आत शिरतं, ग्लुटामेट या पेशींना उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा पूर येतो. हा असमतोल निस्तरायला पेशींना भरपूर ऊर्जा लागते, आणि नेमका तेव्हाच मेंदूचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो. बॉक्सर दहा मिनिटांत उठून मुलाखत देतो, पण आतला हिशेब कित्येक दिवस जुळलेला नसतो. डोकेदुखी आणि गरगरणं थांबल्यावरही मेंदूचं चयापचय पूर्वपदावर यायला आणखी काही आठवडे लागू शकतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांतून हे स्पष्ट झालं आहे की या काळात दुसरा मार बसला तर नुकसान नुसतं दुप्पट होत नाही, त्याहून बरंच जास्त होतं.

आता जोन्सचं वेळापत्रक पाहा. मे ते सप्टेंबर, १३३ दिवस. नॉकआउटनंतर अमेरिकेतले राज्यांचे बॉक्सिंग आयोग सहसा महिना-दोन महिने, कधी तीन महिने लढायला बंदी घालतात. कागदावर जोन्स त्याच्या बराच पलीकडे होता. पण विजेतेपदाच्या लढतीची तयारी साधारण आठ-दहा आठवड्यांची असते आणि तिचा गाभा म्हणजे स्पॅरिंग, जोडीदारासोबतची सरावाची लढत. म्हणजे जुलैच्या मध्यापासून पुढे त्याच डोक्यावर पुन्हा मार सुरू झाला असणार. बंदीची मुदत लढतीपर्यंतचे दिवस मोजते. जिममध्ये पहिला ठोसा कधी बसला ते मोजत नाही.

जॉन्सनची लढत वेगळी का

टार्व्हरचा ठोसा नशिबाचा म्हणता आला असता. उंच, डावखुरा, ऑलिम्पिक पदकविजेता प्रतिस्पर्धी, अचूक वेळ. तसा ठोसा पंचविशीतल्या जोन्सलाही खाली बसवून गेला असता, हे मी मान्य करतो. ग्लेन जॉन्सनच्या बाबतीत तसं म्हणता येत नाही. जॉन्सन चिवट होता, सतत अंगावर येणारा होता, पण एका ठोशात माणूस झोपवणारा म्हणून त्याची ख्याती नव्हती. त्याच्या नावावर तेव्हा नऊ पराभव होते.

ती लढत पुन्हा पाहताना माझं लक्ष नवव्या फेरीकडे नाही, पहिल्या आठ फेऱ्यांकडे जातं. जोन्स दोऱ्यांना पाठ लावून उभा आहे. जॉन्सन अंगाशी येतो, शरीरावर दोन, डोक्यावर एक, पुन्हा शरीरावर. जोन्स गार्डमधून बघत राहतो. पूर्वी या जागी तो दोन पावलं टाकून बाजूला गेला असता आणि जॉन्सनला रिकाम्या दोऱ्या दिसल्या असत्या. आता पाय हलत नाहीत. गुणांतही तो मागे होता. नवव्या फेरीतला तो उजवा ठोसा येईपर्यंत डोक्यानं बराच मार खाल्ला होता. शेवटचा ठोसा सगळ्यांच्या लक्षात राहिला, कारण आपण तोच पुन्हा पुन्हा दाखवतो.

दिसलेल्या आणि न दिसलेल्या ठोशात जमीन-अस्मानाचा फरक असतो. ठोसा येताना दिसला तर मान क्षणात ताठ होते, हनुवटी छातीकडे जाते, दात आवळले जातात, डोकं ठोशाच्या दिशेनं थोडं वाहून जातं. डोक्याला एकट्यानं मार खावा लागत नाही. मान आणि धड त्याला धरून असतात. न दिसलेल्या ठोशाच्या वेळी मान सैल असते आणि डोकं मोकळं फिरतं. तोच हात, तितकीच ताकद, पण मेंदूला बसणारा हिसका कितीतरी मोठा.

आणि ठोसा ‘दिसतो’ म्हणजे तरी काय? डोळ्यांनी पाहून शरीरानं साधी प्रतिक्रिया द्यायला माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. जवळून आलेला झटपट ठोसा त्याआधीच पोहोचलेला असतो. म्हणून मुरलेला बॉक्सर हात बघत नाही. समोरच्याचा खांदा, कंबर, पुढच्या पायावर आलेला भार वाचतो आणि ठोसा निघण्याआधीच हलतो. हे वाचन मेंदूच्या वेगावर चालतं. तो वेग पंचविशीनंतर कुणाचाही हळूहळू कमी होतो. अनुभवानं बरीच भरपाई होते, म्हणून कित्येक वर्षं फरक जाणवत नाही. पण बॉक्सरच्या बाबतीत वयासोबत आणखी एक गोष्ट त्या वेगावर घाला घालत असते: इतकी वर्षं खाल्लेला मार.

लास वेगासमध्ये २०११ पासून क्लीव्हलँड क्लिनिक ही वैद्यकीय संस्था व्यावसायिक लढवय्यांच्या मेंदूचा दीर्घकालीन अभ्यास करत आहे. जितक्या जास्त लढती, तितकं मेंदूतल्या थॅलॅमस आणि कॉडेट या भागांचं आकारमान कमी आणि माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग मंद, असा संबंध त्यात दिसला. थॅलॅमसमधून डोळ्यांकडची आणि शरीराकडची माहिती पुढे जाते, कॉडेटचा संबंध हालचालीच्या निवडीशी आहे. मला या प्रकरणाची किल्ली इथे सापडते. मार खाल्ल्यानं वेग कमी होतो, वेग कमी झाल्यानं न दिसलेले ठोसे वाढतात, आणि न दिसलेले ठोसेच सगळ्यात जास्त इजा करतात. हे चक्र सुरू व्हायला नॉकआउटची गरज नसते. डोळ्यांपुढे अंधारीही न आणणारे स्पॅरिंगमधले हजारो ठोसे त्याला पुरतात.

एक नॉकआउट पुढच्या नॉकआउटची वाट सोपी करतो का? अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आधी तीन किंवा अधिक कन्कशन (डोक्याला हिसका बसून मेंदूला होणारी इजा) झालेल्या खेळाडूंना नवं कन्कशन होण्याची शक्यता तिप्पट आढळली, आणि आधी इजा झालेल्यांना सावरायलाही जास्त वेळ लागला. मात्र यातला काही भाग मूळच्या फरकाचा असू शकतो: ज्याला तीन वेळा झालं, तो कदाचित खेळतोच तसा, किंवा त्याचा मेंदू मुळातच जास्त नाजूक असेल. एकाच माणसाच्या बाबतीत हे धागे पूर्ण सोडवता येत नाहीत.

हनुवटी ‘गेली’ असती तर

जोन्सच्या पुढच्या लढती ‘एका ठोशानं कायमची गेली’ या म्हणण्याला सरळ छेद देतात. २००५ मध्ये त्याच टार्व्हरविरुद्ध तो बाराही फेऱ्या उभा राहिला. २००८ मध्ये जो कॅल्झागीला त्यानं पहिल्या फेरीत खाली पाडलं, मग पुढच्या फेऱ्यांत अखंड ठोसे खाल्ले, पण शेवटपर्यंत टिकला. डिसेंबर २००९ मध्ये सिडनीत डॅनी ग्रीननं त्याला पहिल्याच फेरीत संपवलं. आणि त्यानंतर अवघ्या चार महिन्यांत हॉपकिन्ससमोर तो पुन्हा पूर्ण बारा फेऱ्या लढला. एकदा फुटली की फुटलीच, अशी ती वस्तू असती तर हे शक्य नव्हतं.

कोण मारतंय आणि किती वजनाचा आहे, यानं फरक पडतो. कॅल्झागी आणि हॉपकिन्स हे भरपूर अचूक मारणारे, पण एका फटक्यात संपवणारे नव्हेत. उलट ग्रीन, मे २०११ मध्ये मॉस्कोत लढलेला डेनिस लेबेदेव आणि डिसेंबर २०१५ मधला एन्झो मॅकरिनेली, या तिन्ही लढती क्रूझरवेटच्या, म्हणजे जोन्सच्या भरभराटीच्या गटापेक्षा वरच्या. मिडलवेटमध्ये सुरुवात केलेला माणूस चाळिशीत नव्वद किलोंच्या आसपासच्या बॉक्सरांचे ठोसे झेलत होता. वय वाढत गेलं, वेग घटत गेला आणि समोरचा हात जड होत गेला, तिन्ही एकाच वेळी. लेबेदेवच्या लढतीत दहाव्या, शेवटच्या फेरीच्या अगदी अखेरीस जोन्स उभ्या उभ्याच भान हरपला होता. रेफ्री मध्ये पडला नाही. लेबेदेव क्षणभर थबकला आणि मग त्यानं आणखी एक ठोसा मारला. ते दृश्य मला आजही बघवत नाही.

नॉकआउट न होणं म्हणजे मेंदू सुरक्षित असणं, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मुहम्मद अलीची हनुवटी कधीच गेली नाही. ६१ व्यावसायिक लढतींत तो एकदाच वेळेआधी थांबला, २ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्ससमोर, आणि तेव्हाही त्याला प्रशिक्षक अँजेलो डंडी यांनी कोपऱ्यातून उठू दिलं नाही म्हणून. चार वर्षांनी त्याला पार्किन्सनची लक्षणं असल्याचं जाहीर झालं. मार पचवण्याची ताकद त्याला आणखी मार खायला रिंगमध्ये उभं ठेवत गेली, असं मला ठामपणे वाटतं. जोन्स पाच वेळा मार खाऊन वेळेआधी हरला, तरी नंतर वर्षानुवर्षं समालोचन आणि प्रशिक्षण करत राहिला. नॉकआउटचा धोका आणि मेंदूची दीर्घकालीन झीज यांचं मूळ एक असलं तरी दोन्ही रेषा सोबतच चढतात असं नाही. म्हणून ‘हा अजून कुठे पडतोय’ हा लढू देण्याचा निकष होऊच शकत नाही.

मग कुठे पाहायला हवं होतं

जोन्सच्या प्रकरणात इशारा देणारी तारीख ८ नोव्हेंबर २००३ आहे. त्या रात्री दिसलेल्या तीन गोष्टी कुठल्याही प्रशिक्षकाला रिंगच्या बाहेरून दिसतात: बॉक्सर पूर्वी जिथून निसटायचा तिथे थांबतो, ठोसा लागल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य असतं, म्हणजे तो त्याला दिसलाच नव्हता, आणि तो दोऱ्यांवर विश्रांती घेऊ लागतो. तिसरी गोष्ट बॉक्सर स्वतः डावपेच म्हणून सांगतो. बहुतेक वेळा ते थकलेले पाय असतात.

मोजता येण्यासारखंही बरंच आहे. माहितीवर प्रक्रिया करण्याच्या वेगाची संगणकावरची चाचणी काही मिनिटांत होते. ती विशीत एकदा आणि मग दर वर्षी केली तर बॉक्सरची तुलना त्याच्या स्वतःच्याच जुन्या आकड्यांशी होते, लोकसंख्येच्या सरासरीशी नाही. ही तुलना फार महत्त्वाची आहे, कारण जोन्ससारखा माणूस वीस टक्के मंदावला तरी सरासरीपेक्षा वेगवानच निघेल आणि तपासणीत बिनदिक्कत पास होईल.

हेल्मेटवर भिस्त ठेवून चालत नाही. ते भुवई फुटण्यापासून वाचवतं, डोकं फिरण्यापासून नाही. हौशी बॉक्सिंगच्या वरिष्ठ पुरुष गटात २०१३ पासून ते काढूनच टाकलं गेलं. मोठे, मऊ हातमोजे मुख्यतः मारणाऱ्याच्या मुठी जपतात. खरा फरक पडतो तो जिममध्ये कमी मार खाण्यानं. कारकिर्दीत डोक्याला बसणारे बहुतेक ठोसे बिनतिकिटाचे, रोजच्या सरावातले असतात आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही. लढतींचा तक्ता ठोशांगणिक उपलब्ध आणि स्पॅरिंगची साधी वहीसुद्धा नाही, ही स्थिती बदलायला कुठल्याही आयोगाची वाट पाहावी लागत नाही. किती फेऱ्या, कुणासोबत, त्याचं वजन किती, डोक्यावर मारायची मुभा होती की नाही, आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं का: प्रत्येक सत्रानंतर एवढ्या पाच गोष्टी प्रशिक्षकानं लिहून ठेवाव्यात, आणि बॉक्सर नॉकआउट झाला तर पुढची लढत ठरवण्याआधी डॉक्टरांनी ती वही मागून घ्यावी.